कूलरची खोली

काल कूलरचं गवत बदलून घेतलं. दर वर्षी याच सुमारास सायकलला जाळ्या आणि गवताचे भारे बांधून एक जण सीपरी बाजारात फिरतो. जुनं कुजलेलं गवत उपसतो, नवं ठोकतो, मोटरला तेल देतो, खिडक्यांच्या फटींत जुनं कापड ठासून देतो आणि जाताना सांगतो की यंदा लू लवकर सुटली. दर वर्षी हेच सांगतो. नव्या गवतावर पाणी पडलं की सुरुवातीला घरभर ओला वास भरून राहतो. माझ्या नवऱ्याला तो वास आवडतो. डोळे मिटले की त्याला गावाकडच्या शेताची आठवण येते म्हणे, आमचं शेत कधीच नव्हतं तरी. मला रचनाची परीक्षा आठवते.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना उन्हाळा म्हणजे सुटी, आंबे, गच्चीवरचे पापड वाटतो. झाशीचा उन्हाळा म्हणजे कोंडवाडा. मे महिन्यात सकाळी चहाची भांडी घासून होईतो ऊन खिडकीतून आत हात घालायला लागतं. मग दारं लावायची, पडदे ओले करायचे आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी एका खोलीत पडून राहायचं. कूलर एका खोलीतच असतो. आमच्या फ्लॅटमध्ये ती मधली खोली. आमचे पूर्वज इकडे कारकुनीला आले, त्यांच्याबरोबर काही शब्दही आले, ते अजून घरात आहेत. त्या फ्लॅटमधल्या खोलीला आम्ही अजून माजघर म्हणतो. माझा मुलगा 'माजघर में सब सो रहे हैं' असं म्हणत मोठा झाला.

कूलरच्या खोलीचे नियम कुणी सांगत नाही, ते अंगवळणी पडतात. हवेच्या थेट झोतात सासरे. त्यांच्या शेजारी मुलगा, मग सासू, मग पोरं. सून दाराशी. तिला मधूनमधून उठावं लागतं, कुणाला पाणी, कुणाला पन्हं, म्हणून ती दाराशी बरी. तिथे हवा पोचत नाही, नुसता आवाज पोचतो. लग्नानंतरची काही वर्षं मी तिथेच काढली. सासरे गेले, मग सासूबाई गेल्या, तशी मी एकेक जागा पुढे सरकले. आता मी थेट झोतात असते.

मी नर्सिंग शिकवायची. अजूनही शिकवते, पण वर्गात नाही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातली संस्था इकडच्या खेड्यांत एक प्रकल्प घेऊन आली. गरोदर बाईचं वजन, रक्तदाब, रक्त तपासणी गावातच टॅबवर नोंदवायची, दूरचा डॉक्टर ती पडद्यावर बघणार, गरज पडली तर बाईशी बोलणार. अशा देखरेखीनं आणि फोनवरच्या विचारपुशीनं बायकांच्या तब्येतीत फरक पडतो का, याचा अभ्यास करायचा. हे काम करायला माणसं लागणार, म्हणून सोबत एक अभ्यासक्रमही. डिजिटल आरोग्याचा. सगळा फोनवर आणि टॅबवर. माहितीपत्रकावर एक बाई हसत टॅबकडे बघत होती, तिच्या मागे कुंडीतलं झाड होतं आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, घर बैठे सीखिए. झाशीची जबाबदारी माझ्याकडे आली.

या कामाबद्दल मला वाकडं बोलायचं नाही. वॉर्डात मी पुष्कळ वर्षं काढली आहेत. सूज चढलेली, डोळ्यांपुढे अंधारी आलेली बाई लांबच्या गरौठ्याहून गाडीत आदळत आपटत यायची आणि आम्ही तिच्या सासूला विचारायचो, इतके दिवस काय करत होता. आता तिचा रक्तदाब वाढला की त्याच दिवशी कुणाला तरी कळतं. हे चांगलंच आहे. मी ते काम मनापासून केलं, अजून करते.

रचना माझी जुनी विद्यार्थिनी. शिकून झाल्यावर इथल्याच एका खाजगी दवाखान्यात लागली. ओरछा गेटच्या आत एका गल्लीत दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची, स्कूटी चालवायची, तोंडाला दुपट्टा असा गुंडाळायची की फक्त डोळे दिसावेत. रस्त्यात कुणी हात केला की ती रचनाच असायची. मग गरौठ्याच्या बाजूला एका घरात तिचं लग्न झालं. माणसं चांगली. कुणी मारलं नाही, कुणी टाकून बोललं नाही, नोकरी सोड असंही कुणी म्हटलं नाही. फक्त बसमध्ये बसायला काही कारण उरलं नाही. नवरा कामानिमित्त बाहेरगावी, घरात सासू, सासरे, दीर, जाऊ, त्यांची पोरं. बाहेर पडायचं तर घराला कारण सांगावं लागतं, आणि माहेरपण व दवाखाना सोडला तर तिसरं कारण तिकडे चालत नाही.

अभ्यासक्रमाची बातमी तिला कुठून कळली माहीत नाही. तिचा फोन आला तेव्हा ती फार हळू बोलत होती. कोर्सची चौकशी तिनं केली नाही, फी विचारली नाही. एकच विचारलं.

"मैडम, इसके बाद नौकरी झाँसी में लगेगी न?"

तसंच ठरलेलं होतं. पास होणाऱ्यांतून पर्यवेक्षक निवडायचे आणि त्यांनी झाशीच्या ऑफिसात बसायचं. मी हो म्हटलं. घरच्यांना तिनं यातला अर्धाच भाग सांगितला, घर बैठे असलेला. त्यांनी आनंदानं परवानगी दिली. सासऱ्यांनी तर टॅबला प्लास्टिकचं आवरण आणून दिलं.

वर्ग सुरू झाले तेव्हा थंडी होती, सगळं सोपं वाटत होतं. मुली गच्चीवर उन्हात बसून ऐकायच्या, मागे शेजाऱ्यांची वाळत घातलेली रजई दिसायची. एका धड्यात गोपनीयता होती. रुग्णाशी फोनवर बोलताना ती एकटी आहे याची खात्री करावी, तिची माहिती दुसऱ्याच्या कानी पडू नये, वगैरे. मी शिकवून थांबले तर रचनानं विचारलं की एकटी म्हणजे किती एकटी. बाकीच्या हसल्या. ती म्हणाली, आमच्या घरात मी न्हाणीघरात असते तेव्हाच एकटी असते, आणि तिथेही जाऊबाई बाहेरून विचारते अजून किती वेळ. मग आम्ही सगळ्यांनी बसून एक रीत काढली. बाईला असे प्रश्न विचारायचे की शेजारी सासू बसली असली तरी तिला नुसतं हो किंवा नाही म्हणून भागेल. ती रीत अजून चालते.

परीक्षा आली ती नौतपात. मे अखेरीचे हे सगळ्यात तापलेले दिवस. या दिवसांत इथे कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत. वेळ ठरली दुपारची. संस्थेचे डायरेक्टर साहेब मीटिंगमध्ये म्हणाले की दुपारी घरात शांतता असते, पुरुष कामावर असतात, बायकांना मोकळा वेळ मिळतो. मी सांगितलं की मे महिन्यात दुपारी अख्खं घर एका खोलीत असतं. त्यांनी ते स्थानिक अडचण म्हणून टिपून घेतलं आणि पुढच्या मुद्द्याकडे गेले. त्यांच्या शहरात प्रत्येक खोलीला स्वतःची हवा आहे.

परीक्षेवर नजर ठेवायला माणूस नव्हता, प्रोग्रॅम होता. त्याचे नियम साधे. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, खोलीत दुसरं कुणी नको, दुसरा आवाज नको. सगळ्या मुलींचे चेहरे माझ्या पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत दिसत होते. माझ्या माजघरात नवरा घोरत होता, म्हणून मी कानाला हेडफोन लावून मागच्या खोलीत बसले होते, पायाखाली ओला टॉवेल टाकून.

रचना कूलरच्या खोलीत दाराशी बसली होती. ते मला बघताक्षणी कळलं, तिच्या पाठीला चौकट होती. पदर नाकापर्यंत, कारण समोर खाटेवर सासरे. प्रोग्रॅमनं सूचना दिली, चेहरा दिसत नाही. तिनं टॅब फिरवला, स्वतःही फिरली, भिंतीकडे तोंड करून पदर वर केला. आता सासऱ्यांकडे पाठ झाली, पण त्यांच्या खाटेचा पायथा टॅबच्या डोळ्यात आला आणि त्यावर दोन पाय. दुसरी व्यक्ती, अशी सूचना. तिनं टॅब खाली वाकवला. पुन्हा चेहरा कापला गेला. तेवढ्यात कुणीतरी पाणी मागितलं. तिनं उत्तर दिलं नाही, हे तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडलं असेल, म्हणून पुन्हा मागितलं, मोठ्यानं. चौकोन राखाडी झाला. परीक्षा रद्द.

दुसरी संधी मिळत होती. मी तिच्या सासऱ्यांना फोन केला. शाळेत क्लार्क होते, निवृत्त, बोलायला अत्यंत सभ्य. मी म्हटलं, बाबूजी, तिला एक दिवस माझ्याकडे झाशीला पाठवा, माझ्या घरी बसून परीक्षा देईल, संध्याकाळच्या बसनं परत येईल.  ते आपल्या बुंदेलीत म्हणाले, "हमने तो जेई सुन कें हाँ करी ती, कै घर बैठें हो जैहै।"

घरी बसून होईल, हे ऐकूनच तर आम्ही हो म्हटलं होतं.  आमच्याच माहितीपत्रकातलं वाक्य त्यांनी आम्हाला परत केलं होतं. त्यांचा सूर भांडणाचा नव्हता. उलट त्यांनीच तोड काढली. धान्याची खोली रिकामी करून देतो म्हणाले. तिथे कुणी येत नाही.

तिथे कुणी येत नाही याला कारण होतं. वर पत्रा, एक दार, खिडकी नाही. त्या खोलीत रचना नौतपातल्या दुपारी दार आतून लावून बसली. मी पुन्हा मागच्या खोलीत, टॉवेल ओला करून. तिच्या डोक्यावर पंचा होता, मग तो प्रोग्रॅमला चालेना म्हणून तिनं काढला. केस कपाळाला चिकटले होते. घाम भुवयांतून डोळ्यांत उतरायचा, ती पुसायची, लिहायची, पुसायची. मागे गव्हाची पोती रचलेली. प्रोग्रॅम खूश होता. एक चेहरा, पूर्ण उघडा, दुसरी व्यक्ती नाही, कसलाही आवाज नाही. मी नर्स आहे. तापलेल्या पत्र्याखाली माणसाचं काय होतं मला माहीत आहे. फोन उचलून दार उघड म्हणावं असं सारखं वाटत होतं आणि दार उघडलं की परीक्षा गेली, हेही माहीत होतं. ती वेळेआधी संपवून उठली. तिनं दाराची कडी काढली तेव्हा बाहेरच्या उजेडानं चौकोन पांढरा झाला.

ती उत्तम मार्कांनी पास झाली. मग संस्थेचं पत्र आलं. सगळी पदं आता घरूनच करायची. ऑफिसची गरज नाही. झाशीचं ऑफिस बंद झालं, खुर्च्या विकल्या, पाण्याचा कूलर मला घ्यायचा का विचारलं. मलाही घरी पाठवलं. ज्या बाईनं आयुष्यभर सकाळी डबा भरून घर सोडलं तिला एका पत्रानं माजघरात आणून बसवलं. नवरा निवृत्त, टीव्ही चालू, माझ्या मीटिंगच्या मागे बातम्या. त्याला माझं बोलणं ऐकू येतं आणि तो जेवताना त्यावर मतं देतो. "तुम्हारे डायरेक्टर को बीच में बोलने की आदत है" असं एकदा म्हणाला. खरं आहे, पण ते मला एकटीला माहीत असायला हवं होतं.

संस्थेच्या अहवालात रचनाचा फोटो छापून आला. घराबाहेर पाऊल न टाकता करिअर, असं खाली लिहिलं होतं.

तिचं काम चोख होतं. पत्र्याच्या खोलीत एक टेबल आलं, सासऱ्यांनी वीज ओढून दिली, पंखा लावून दिला. घरात तिच्याबद्दल अभिमान होता. पाहुण्यांना ती खोली दाखवत. आठवड्याच्या मीटिंगला तिचा चौकोन माझ्या शेजारी असायचा. हिवाळा गेला, होळी गेली, पुन्हा कूलर सुरू झाले, आणि मीटिंगमध्ये प्रत्येकीच्या मागून तीच घरघर यायला लागली. एकमेकींना ओरडून सांगावं लागायचं. एके दिवशी मीटिंग संपली, सगळे चौकोन एकेक करून विझले. रचनाचा विझला नाही. मला वाटलं बंद करायला विसरली. मग तिनं विचारलं.

"मैडम, कोई ऐसा काम नहीं है, जो यहाँ से न हो पाए?"

मी म्हटलं, बघते.

रात्री जेवताना नवऱ्यालाही विचारलं, कारण त्यानं ऐकलं होतंच. तो म्हणाला, आता सगळं घरून होतं, तुमचाच तर अभ्यासक्रम आहे. मी टॅब पाण्याच्या माठाजवळ ठेवला होता, तापला होता म्हणून. उचलला तर मागची बाजू फुगलेली. बुंदेलखंडाच्या उन्हात टॅबच्या बॅटऱ्या फुगतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं होतं. बंद करून ठेवायचा, गार करायचा, पुन्हा वापरायचा, असं सगळ्या जणी करत.

दुसऱ्या दिवशी मी डायरेक्टर साहेबांना कळवलं की नौतपात टॅब सुरक्षित नाहीत, बॅटरी हातानं तपासावी लागेल, यासाठी उन्हाळ्यात महिन्यातून एकदा सगळे टॅब झाशीला आणणं सक्तीचं करावं. ते म्हणाले, मॅडम, तपासणी ऑनलाइन होऊ शकते. मी विचारलं, फुगलेली बॅटरी ऑनलाइन दाबून कशी बघायची. त्यांच्या मागे कुणीतरी खोकलं. त्यांनी मंजुरी दिली. ऑफिस नव्हतंच, म्हणून जागा ठरली माझं घर.

बाबूजींना मी पुन्हा फोन केला. या वेळी रचनाला पाठवा असं म्हटलंच नाही. टॅब झाशीला आणावा लागेल म्हटलं. त्यांना लगेच पटलं. यंत्र बिघडू शकतं, यंत्र दाखवायला न्यावं लागतं, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. सुनेला घराबाहेर पडायला कारण नव्हतं, यंत्राला होतं. सून यंत्राबरोबर आली.

पहिल्या खेपेला बाबूजी स्वतः घेऊन आले. गमछा तोंडाला, लू लागू नये म्हणून खिशात कांदा, हातात माझ्यासाठी गावचे आंबे. आमच्या माजघरात थेट झोतात त्यांना जागा दिली, माझीच. नवऱ्यानं त्यांना बेलाचं सरबत दिलं, दोघांनी निवृत्तिवेतनाच्या गप्पा मारल्या आणि दोघेही झोपले. रचना आत आली आणि सवयीनं दाराशी बसायला वाकली. मी तिला मागच्या खोलीत नेलं.

टॅब तपासला. बॅटरी ठीक होती. तपासून झालं तेव्हा अख्खी दुपार शिल्लक होती. मी चहा करायला उठले तर ती म्हणाली नको. खोलीभर नजर फिरवली. खुर्ची, कपाट, माझ्या पायाखालचा तो टॉवेल, बंद खिडकी.

"खिड़की खोल दूँ, मैडम?"

नौतपात दुपारी झाशीत कुणी खिडकी उघडत नाही. मी फटीतलं कापड ओढून काढलं. तिनं कडी काढली. लू एकदम आत आली, भट्टीचं दार उघडावं तशी, कॅलेंडर भिंतीवरून उडालं. खाली सीपरी बाजाराचा रस्ता पांढरा पडला होता. शटर ओढलेली, एका ठेल्याखाली ठेलेवाला झोपलेला, पडदे लावलेली एक ऑटो रिकामीच निघालेली. बघण्यासारखं काहीही नव्हतं. ती गजाला धरून बघत राहिली. पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं उचलला नाही.

माजघरातून बाबूजींचा आवाज आला, झोपेतला, "कौन ने खोली? सब ठंडक निकर गई।"

रचनानं माझ्याकडे बघितलं. मी उत्तर दिलं, बाबूजी, मशीन को हवा लग रही है. ते बरं म्हणाले. संध्याकाळची बस पकडायची होती, ती त्यांनी पकडली. टॅब तिच्या पिशवीत होता, आंब्यांच्या रिकाम्या पिशवीत.

तेव्हापासून उन्हाळ्यात ती येते. आता एकटी येते. कधी बाजारात फिरते, कधी ओरछा गेटच्या त्या जुन्या गल्लीत चक्कर मारून येते, बहुतेक वेळा नुसती खिडकीशी बसते. उन्हाळा संपला की टॅब थंड होतात आणि तिचं येणंही थांबतं. माझी युक्ती तिथवरच पोचते. यंदा संस्थेनं कळवलं आहे की नवे टॅब येणार, ते तापत नाहीत. जुने जमा करण्यासाठी माझी सही हवी आहे. मी अजून दिलेली नाही. उन्हाळा आहे, सगळी कामं मंद चालतात, कुणाला नवल वाटत नाही.

काल गवत ठोकून झाल्यावर तो माणूस कापडाचा बोळा घेऊन मागच्या खोलीकडे वळला. तिथल्या खिडकीची फट मोठी आहे, गरम हवा येते, ठासून देऊ का म्हणाला. मी म्हटलं, ती राहू दे.